चार्जर, सोलर, कॅमेरे आणि सायबर चोर: सोसायटीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत कोणाकडे नवी वस्तू आली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न सुरू होतात, आणि दर महिन्याला तेच. मी व्यवस्थापन समितीवर आहे. नोकरी सगळी कारखान्यातल्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली, त्यामुळे बहुतेक प्रश्न फिरून फिरून माझ्याच दारात येतात. शोरूमवाला वस्तू काय काय करते ते रंगवून सांगतो. तिचं अर्थिंग कोण बघणार, पासवर्ड कोणाकडे राहणार आणि बंद पडल्यावर ती कुठे जाणार, हे त्याच्या माहितीपत्रकात नसतं. खालची उत्तरं बरीचशी त्याबद्दलच आहेत.

पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीसाठी पॉइंट हवा आहे. समिती अडवू शकते का?

राहत्या जागी, आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, असं केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा 'आम्हाला पटत नाही' एवढ्यावर समितीला नकार देता येऊ नये, असं माझं मत आहे आणि बैठकीतही मी तेच मांडतो. पण 'माझं पार्किंग, माझा ड्रिल' हेही चालणार नाही. केबल मीटर रूममधून निघून सामाईक भिंतींवरून जाते, त्यामुळे ती कुठून जाणार हे समितीला माहीत हवं.

आमच्याकडची पद्धत अशी: अर्ज द्या, परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडूनच काम करून घ्या, केबल स्वतःच्या फ्लॅटच्या मीटरवरून घ्या, पॉइंटपाशी स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा) बसवा, काम झाल्यावर टेस्ट रिपोर्टची प्रत जमा करा. जिन्यातल्या दिव्याच्या होल्डरमधून वायर ओढून रात्री गुपचूप स्कूटर लावणाऱ्यांसाठी वेगळा नियम नाही. कॉमन मीटरचं बिल सगळे भरतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

साधं सॉकेट आहेच की भिंतीवर. त्यावर लावलं तर काय बिघडतं?

मिक्सर दोन मिनिटं चालतो, गीझर पंधरा. गाडीचा चार्जर मात्र तासन् तास सलग करंट ओढतो. स्कूटरसोबत येणारा चार्जर साधारण पाऊण किलोवॅटचा, म्हणजे तीन-चार अ‍ॅम्पिअरचा असतो आणि चार-पाच तास चालतो. चारचाकीसोबतचा साधा चार्जर ३.३ किलोवॅटपर्यंत जातो, म्हणजे चौदा अ‍ॅम्पिअरच्या वर, तोही आठ-दहा तास. सोळा अ‍ॅम्पिअरचं सॉकेट कागदावर याला पुरतं. पण ते जुनं असेल, आतली पितळी पकड सैल झाली असेल किंवा मागचा स्क्रू नीट आवळलेला नसेल, तर तेवढ्याच एका ठिकाणी उष्णता साठत जाते.

मागच्या उन्हाळ्यात सी विंगच्या पार्किंगमध्ये मी असंच एक सॉकेट उघडलं. बाहेरून पांढरंशुभ्र. प्लग काढताना थोडा चिकटल्यासारखा वाटला म्हणून पाहिलं, तर फेजच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून खाली ओघळलं होतं, आणि वायरचं शेवटचं इंचभर इन्सुलेशन काचेसारखं कडक झालं होतं, बोटाने दाबल्यावर त्याचा चुरा झाला. एमसीबी पडला नव्हता, आणि पडणारही नव्हता. कारण करंट जास्त नव्हता, जोड खराब होता. एमसीबी करंट मोजतो, जोडाचं तापमान नाही.

म्हणून पॉइंटसाठी चांगल्या प्रतीचं औद्योगिक सॉकेट घ्या आणि अंतर बेताचं असेल तर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाका. पहिल्याच आठवड्यात चार्जिंग तासभर चालू राहिल्यावर प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावून पाहा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. अर्थिंगही मोजून घ्या. बरेच चार्जर अर्थिंग मिळालं नाही की चालूच होत नाहीत, आणि मग लोक 'चार्जर बिघडला' म्हणून सर्व्हिस सेंटरला खेटे घालतात.

पेट्रोलच्या तुलनेत खरंच किती वाचतात?

तीन किलोवॅट-अवरची, म्हणजे तीन युनिटांची, बॅटरी पूर्ण भरायला भिंतीपाशी साडेतीनच्या आसपास युनिटं लागतात, कारण थोडी वीज चार्जरमध्येच उष्णता होऊन जाते. तुमच्या स्लॅबप्रमाणे ते तीस ते पन्नास रुपये होतात, आणि शहरात त्यावर ऐंशी-नव्वद किलोमीटर निघतात. पेट्रोलच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला जवळपास दोन लिटर लागतं. ज्याचं रोजचं जाणं-येणं हिंजवडी किंवा खराडीला आहे त्याचा हिशेब पटकन जमतो. ज्याची गाडी फक्त मंडईपर्यंत जाते, त्याने बचतीच्या नावाखाली जुनी चांगली गाडी विकू नये.

बॅटरी पेट घेते म्हणतात. रात्रभर खाली लावून झोपायचं कसं?

भीती हवेतून आलेली नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षा चाचण्यांचं मानक, एआयएस १५६, कडक झालं. सुधारित अटी दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून लागू झाल्या. एक सेल बिघडला तर आग शेजारच्या सेलपर्यंत पसरून माणसाला धोका होऊ नये, हे आता चाचणीत पाहिलं जातं. जुनी गाडी सेकंडहँड घेणाऱ्यांनी उत्पादनाची तारीख या तारखांशी ताडून पाहावी.

दुसरी गोष्ट, रसायन विचारा. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, जड असते आणि तेवढ्याच वजनात कमी ऊर्जा साठवते, पण जास्त तापमानापर्यंत टिकते आणि जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज सहन करते. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट, हलकी असते आणि लांब पल्ला देते, पण उष्णतेच्या बाबतीत नाजूक. मी माझ्यासाठी एलएफपी निवडली असती. शहरात पंधरा किलोमीटर कमी मिळाले म्हणून काही अडत नाही.

ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या आणि अडीचशे वॉटपेक्षा कमी मोटर असलेल्या स्कूटरला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. त्यामुळे त्या गल्लीबोळांतल्या दुकानांतही मिळतात. त्यातल्या काहींची बॅटरी कोणी जोडली हे दुकानदारालाही सांगता येत नाही. अशी गाडी जिन्याखाली चार्ज करायला आमच्या समितीने मनाई केली आहे, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच.

पेटलीच, तर बाटलीतला अग्निशामक ज्वाळा दाबतो, पण आतली प्रक्रिया थांबवत नाही. तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं. आधी मेन स्विच पाडा, लोकांना लांब काढा, १०१ लावा.

२०२४ सारखं पाणी परत शिरलं तर?

२५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर आपल्या रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरून काय झालं ते इथे कोणाला सांगायला नको. बहुतेक गाड्यांच्या बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. रात्रभर गढूळ पाण्यात उभी राहिलेली गाडी त्या चाचणीत बसत नाही. पाणी ओसरल्यावर 'बघू चालू होते का' म्हणून चार्जर लावू नका. गाडी ढकलत मोकळ्या जागी न्या आणि सर्व्हिसवाल्यांना बोलवा. ओलावा आत राहिला तर शॉर्ट काही दिवसांनीही होऊ शकतो.

चार्जिंग पॉइंट आणि त्यांचे डिस्ट्रिब्युशन बॉक्स आम्ही त्या वर्षीच्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवायला सांगतो. वाकून प्लग लावायचा त्रास होत नाही, हा वरचा फायदा.

दहा-पंधरा गाड्या झाल्या तर ट्रान्सफॉर्मर झेपेल का?

सगळ्या गाड्या एकाच वेळी ३.३ किलोवॅट ओढू लागल्या तर पंधरा गाड्यांचे पन्नास किलोवॅट होतात, तेही संध्याकाळी, जेव्हा घरोघरी एसी आणि स्वयंपाक चालू असतो. म्हणून रात्री अकरानंतरचा टायमर लावा. बहुतेक गाड्यांच्या अ‍ॅपमध्ये तो असतो, कोणी वापरत नाही. पुढे सामाईक चार्जर घ्यायची वेळ आली तर लोड वाटून देणारी यंत्रणा असलेलेच घ्यावेत, आणि त्यासाठी महावितरणकडे स्वतंत्र जोडणी मागावी. वाहन चार्जिंगसाठी दराचा वेगळा गट आहे.

सोडियमची बॅटरी येते आहे, हायड्रोजनही येतो आहे. थांबू का?

दोन्हींचं काम आपल्या शहरात झालं आहे म्हणून कौतुक आहेच. केपीआयटी कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तयार केलेली हायड्रोजन फ्युएल सेलची बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच लोकांसमोर आली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केपीआयटीने सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली. त्या संशोधनात पाषाणची आयसर ही विज्ञानसंस्था होती. सोडियम मुबलक आणि स्वस्त, पण तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी साठते. हायड्रोजन बनवायचा, दाबाखाली साठवायचा आणि पुन्हा त्याची वीज करायची, यात बरीच ऊर्जा वाटेतच खर्च होते. लांब पल्ल्याच्या बस-ट्रकना ते कदाचित परवडेल. तुमच्या माझ्या स्कूटरसाठी नाही. गाडीची गरज आज असेल तर आज घ्या.

आणि मेट्रो?

वनाज–रामवाडी किंवा पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मार्ग तुमच्या वाटेवर असेल तर गाडी घेण्याचा प्रश्नच निम्मा सुटतो. ब्रेक लावताना मेट्रोच्या मोटरी जनित्रासारख्या चालतात आणि वीज परत तारेत सोडतात, ही त्यातली मला आवडणारी गोष्ट. सिंहगड रस्त्याने मात्र अजून वाटच पाहायची.

गच्चीवर सोलर बसवलं तर लाइट गेल्यावर लिफ्ट चालेल ना?

नाही. हा प्रश्न प्रत्येक सर्वसाधारण सभेत येतो आणि उत्तर ऐकून अर्धी सभा नाराज होते. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर वीज जाताच स्वतःला बंद करतो. तसं झालं नाही तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरची वीज लागेल. वीज गेल्यावरही हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्च कितीतरी वाढतो. लिफ्टसाठी जनरेटर आहे तो राहू द्या.

मग सोलरचा उपयोग काय?

कॉमन बिलात. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि पुण्याच्या उन्हात वर्षाला साधारण तेराशे-चौदाशे युनिटं मिळतात. वीस किलोवॅट बसले तर पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांच्या बिलात मोठा फरक पडतो. दिवसा जास्त झालेली वीज नेट मीटरमधून ग्रिडला जाते आणि रात्रीच्या वापरातून वळती होते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन घसरतं, तेव्हा वर्षाचा हिशेब धरा, महिन्याचा नको.

पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. त्यासाठी पॅनेलचे सेलही भारतात बनलेले लागतात. कोटेशनमध्ये 'डीसीआर', म्हणजे देशी बनावटीची अट, लिहिलं आहे का ते पाहा. स्वस्त कोटेशनची गंमत बहुधा तिथेच असते.

आमच्यासारख्या जुन्या इमारतींची खरी अडचण वेगळीच. गच्चीवर सोलर वॉटर हीटर आधीच ठाण मांडून आहेत, त्यात पाण्याच्या टाक्या, आणि शेजारच्या नारळाची सावली. एका पॅनेलवर पडलेली सावली त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन खाली ओढते. म्हणून विक्रेत्याला सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार, असा तीनदा गच्चीचा फोटो काढायला लावा. स्लॅबला भोकं पाडणार असतील तर वॉटरप्रूफिंगची जबाबदारी करारात लिहून घ्या. आणि उन्हाळ्यात धूळ पुसणार कोण, तेही आत्ताच ठरवा. आमच्या समितीत यावर पाऊण तास चर्चा झाली, आणि ती फुकट गेली नाही.

वीज वाचवायला सगळ्यात स्वस्त काय?

पंखा बदला. जुना पंखा सत्तर-ऐंशी वॉट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला पंधरा-सोळा युनिटं वाचतात. 'स्मार्ट' फ्रिज आणि बोलणारे दिवे नंतर बघू.

सोसायटीचे कॅमेरे कोण पाहतं?

ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो प्रत्येक जण. आणि बहुतेक सोसायट्यांत तो पासवर्ड बसवणाऱ्या माणसाने ठेवलेलाच असतो: अ‍ॅडमिन, एक-दोन-तीन-चार. अशा रेकॉर्डरला इंटरनेट जोडलं की गेटवरचं चित्र जगात कुठूनही उघडतं. चोराला यात कॅमेरा फोडायची गरज उरत नाही. कोण कधी घराबाहेर पडतं ते तो घरबसल्या पाहतो.

तीन कामं आजच करा. पासवर्ड बदला आणि तो सचिव व खजिनदार या दोघांकडेच ठेवा. बसवणाऱ्याचं खातं काढून टाका. मोबाइलवर फुटेज पाहणाऱ्यांची यादी छापून बैठकीत ठेवा. आमच्या यादीत दोन वर्षांपूर्वी फ्लॅट विकून गेलेले एक गृहस्थ निघाले. त्यांनाही याचा पत्ता नव्हता.

नवे कॅमेरे घेणार असाल तर सरकारच्या सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र मागा. विक्रीसाठी ते आता बंधनकारक आहे. आणि कोणाच्या दारात थेट आत दिसेल असा कोन ठेवू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण त्याआधी शेजारधर्म आहे. गेटवरच्या पाहुण्यांच्या अ‍ॅपमध्ये कामवाल्या मावशींचा फोटो, आधार आणि येण्याजाण्याच्या वेळा वर्षानुवर्षं साठत राहतात. ती माहिती किती दिवसांनी पुसायची हे कोणी ठरवत नाही. आम्ही नव्वद दिवस ठरवले.

'डिजिटल अरेस्ट'चा फोन आला तर?

ठेवून द्या. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही, ना पोलिसांसाठी, ना सीबीआयसाठी, ना कस्टमसाठी. फोन करणारा गणवेशात असतो, मागे खोटं पोलीस ठाणं असतं, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचं किंवा आधारवर बेकायदा खातं उघडल्याचं सांगतो, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतो: कोणाला सांगू नका. या वाक्यावरच त्याचा धंदा उभा आहे. निवृत्त, एकटे राहणारे, मुलं परदेशात, असे लोक तो शोधतो, आणि आपल्या भागात अशी घरं भरपूर. बी विंगमधल्या एका काकूंना असा फोन आला, तेव्हा दूधवाला दारात होता म्हणून त्या वाचल्या. त्यांनी फोन त्याच्याच हातात दिला.

पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पुढच्या खात्यातून पैसे निघण्याआधी ती रक्कम गोठवता येते, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. लाज वाटते म्हणून दोन दिवस थांबलेल्यांच्या हाती काही लागत नाही.

ई-चलनाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आली आहे. उघडू?

नको. 'आपल्या वाहनाचं चलन थकीत आहे, पाहण्यासाठी खालील फाइल उघडा' असा मजकूर, वर अधिकृत वाटणारं चिन्ह, खाली फाइल. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते चलन नसून अ‍ॅप आहे. ते बसलं की तुमचे मेसेज वाचतं, म्हणजे ओटीपी थेट चोराकडे जातो. लग्नपत्रिका, गॅसबिल, बँकेची केवायसी, सगळ्यांचा साचा हाच. चलन पाहायचं तर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर स्वतः टाका. द्रुतगती मार्गावर वेग मोजणारे कॅमेरे बसल्यापासून खरी चलनंही भरपूर येतात, त्यामुळे खोटं पटकन खरं वाटतं.

नातवाच्या आवाजात पैसे मागितले. आवाज तर त्याचाच होता?

काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल करता येते आणि मुलं स्वतःचे रील रोज टाकत असतात. कान देऊन ओळखायचा प्रयत्न करू नका. फोन ठेवा आणि तुमच्याकडे असलेल्या नेहमीच्या नंबरवर उलट लावा. घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवा, शक्यतो नातेवाइकांच्या ग्रुपवर न लिहिता.

फोन नीट चालतो. तरी बदलायचा का?

सुरक्षा अपडेट बंद झाले असतील आणि त्यावर बँकेचं अ‍ॅप असेल तर बदला, नाहीतर नको. नवा घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. काही कंपन्या आता सात वर्षांचं आश्वासन देतात. चोरीला गेला तर संचार साथी पोर्टलवरून तो देशभरात ब्लॉक करता येतो. त्यासाठी पोलीस तक्रार आणि आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो, म्हणून खोक्यावरच्या नंबरचा फोटो आजच काढून ठेवा.

हवा मोजायचं यंत्र घेतलं, रोज वेगळंच दाखवतं. खरं कोणाचं?

स्वस्त यंत्र लेझरच्या उजेडात कण मोजतं. हिवाळ्यातल्या पहाटे हवेत ओलावा असला की फुगलेले कणही ते मोठे धरतं आणि आकडा वाढतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या, हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या 'सफर' केंद्रांशी तो तंतोतंत जुळणार नाही. आपल्याकडे पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. यंत्राचा उपयोग आकडा सांगायला नाही, चढ पकडायला करा. रात्री साडेनऊला रोज आकडा उडी मारत असेल तर खाली जाऊन पाहा, कोणीतरी कचरा जाळत असेल. आमच्याकडे नेमकं तसंच निघालं.

ड्रॉवरमधले जुने मोबाइल आणि इन्व्हर्टरची बॅटरी कुठे द्यायची?

शिशाची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदार परत घेतो आणि किंमतही वळती करतो. ई-कचरा आणि बॅटरी यांच्यासाठी २०२२ चे नियम आहेत. गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ब्रँडच्या दुकानात बिनधास्त विचारा. चार्जर, वायरी, माउस असलं किरकोळ सामान 'स्वच्छ' संस्थेचे कचरावेचक वेगळं घेतात. ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. फोन देण्याआधी फॅक्टरी रीसेट आणि सिमकार्ड बाहेर.

फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्ज करून पाहू नका. ती कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा आणि मला फोन करा. लिफ्टशेजारच्या ई-कचऱ्याच्या खोक्यात टाकू नका, ते खोकं पुठ्ठ्याचं आहे.